गंजीच्या आडोशाला

बोस्टनहून पश्चिमेला निघालं की तासाभरात गावं विरळ होतात आणि झाडी रस्त्यावर झुकू लागते. रूट दोनचा पुढचा भाग मोहॉक ट्रेल म्हणून प्रसिद्ध आहे. मोटारींसाठी तो 1914 साली खुला झाला. त्याआधी ती इथल्या मूळ रहिवाशांची डोंगर ओलांडायची वाट होती. जुलै संपत आला होता. मेपल, बर्च, हेमलॉक यांची गर्दी इतकी, की शेजारून वाहणारी डीअरफील्ड नदी मधूनच चमकून जायची आणि पुन्हा पानांआड व्हायची. मेहुणे गाडी चालवत होते, शेजारी माझी धाकटी बहीण, मागे आई, मी आणि भाची ईरा.

ईराचं शाळेतलं शेवटचं वर्ष सुरू व्हायचं होतं. तिकडे या वयाची मुलं असलेली कुटुंबं उन्हाळ्यात कॉलेजं पाहत हिंडतात. आपल्याकडे कॉलेजची पहिली भेट होते ती निकालानंतर, गुणपत्रिकेच्या झेरॉक्स घेऊन, एका खिडकीसमोर. इथे अर्ज करण्याच्या कितीतरी आधी मुलगी त्या आवारातून चालून बघते, तिथल्या मुलांशी बोलते आणि मग ठरवते, की आपली चार वर्षं इथे जावीत का. हा क्रम मला मनापासून पटला. मी नगरला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. दहावीनंतरची मुलं कोणाच्या तरी सांगण्यावरून वर्गात येऊन बसलेली मी वर्षानुवर्षं पाहते आहे.

यादीत तीन-चार कॉलेजं होती, पण विल्यम्स पाहायचंच हा आग्रह आईचा. ती नगरच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होती आणि तिचे वडील, माझे आजोबा, नगरच्या एका छापखान्यात खिळेजुळारी होते. आपल्या शहरात पहिले अमेरिकन ज्या वाटेनं आले ती वाट मॅसॅच्युसेट्सच्या एका खेड्यातल्या कॉलेजातून निघते, हे तिनं वाचलेलं होतं. मुलगी त्याच राज्यात राहते म्हटल्यावर ते ठिकाण बघितल्याशिवाय ती परतणार नव्हती.

वाटेत एका शेताच्या तोंडाशी लाकडी फळीवर मक्याची कणसं, ब्लूबेरीच्या पुठ्ठ्याच्या टोपल्या आणि टोमॅटो मांडून ठेवलेले. भाव खडूनं लिहिलेले, शेजारी चीर पाडलेला पत्र्याचा डबा. माणूस कोणी नाही. आई उतरली, आजूबाजूला पाहिलं, दूर शेतात ट्रॅक्टर चालला होता तिकडे बराच वेळ बघत राहिली.

“आणि कोणी तसंच उचलून नेलं तर?”

“नेत नाहीत, आई. एखाद्यानं नेलं, तरी उद्या तो परत मांडून ठेवतो,” मेहुणे म्हणाले.

आईनं कणसं निवडली, नोटा उलगडून डब्यात सारल्या आणि पुढे बराच वेळ ती काही बोलली नाही. ज्या गावात असा डबा टिकतो तिथे कॉलेजला कुंपण लागत नाही, हे मला नंतर कळलं.

घाटमाथ्यावरून रस्ता एकदम इतक्या तीव्र वळणानं उतरतो, की त्या जागेला नावच ‘हेअरपिन टर्न’ पडलंय. तिथे गाडी थांबवली. खाली नॉर्थ अ‍ॅडम्स हे जुनं गिरण्यांचं शहर, त्यापलीकडे डोंगरांच्या रांगा, आणि त्यांत ग्रेलॉक, मॅसॅच्युसेट्सचं सर्वांत उंच शिखर, 1064 मीटर. “आपलं कळसूबाई सोळाशेच्या वर आहे,” असं आईनं ईराला सांगितलं. कळसूबाईचा अकोले तालुका नगर जिल्ह्यातला, त्यामुळे त्या शिखरावर तिचा हक्क. आम्ही उभे होतो त्या डोंगराच्या पोटातून हूसॅक बोगदा गेला आहे. लांबी पावणेपाच मैल, 1851 ते 1875 अशी चोवीस वर्षं काम चाललं आणि त्यात दोनशेच्या आसपास मजूर मेले. त्याच काळात आपल्या बोरघाटात रेल्वे चढत होती, आणि तिथे मेलेल्यांची संख्या हजारांत होती. डोंगर फोडणाऱ्यांची नावं ना इकडे कोणाला ठाऊक, ना तिकडे.

विल्यम्स कॉलेज नेमकं कुठे सुरू होतं ते सांगता येत नाही. गावाचा मुख्य रस्ताच त्याच्या मधून जातो. एका बाजूला दगडी चॅपलचा उंच मनोरा, दुसऱ्या बाजूला विटांच्या इमारती, मध्ये हिरवळ आणि तिच्यावर बाबागाडी घेऊन बसलेल्या गावातल्या बाया. भिंत नाही, फाटक नाही, ओळखपत्र विचारणारा पहारेकरी नाही. माझ्या कॉलेजात मला स्वतःला, इतकी वर्षं शिकवूनही, फाटकाशी गळ्यातलं कार्ड दाखवावं लागतं. कार्ड दाखवण्यात गैर काही नाही. पण गावातली बाई दुपारच्या वेळी कॉलेजच्या झाडाखाली येऊन बसू शकते, तेव्हा ते कॉलेज गावाचंही असतं, आणि आपल्याकडे तसं फारसं उरलेलं नाही, याचं मला वाईट वाटलं.

एफ्रिम विल्यम्स नावाचा सेनाधिकारी 1755 साली लेक जॉर्जच्या लढाईत मारला गेला. गावाला आपलं नाव द्यावं आणि तिथे शाळा काढावी, असं त्यानं मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं. त्या शाळेचं 1793 मध्ये कॉलेज झालं. त्याच्याही आधी ही जमीन मोहिकन लोकांची. त्यांना पश्चिमेकडे हुसकत नेलं गेलं आणि आज त्यांचे वंशज स्टॉकब्रिज-मन्सी या नावानं दूर विस्कॉन्सिनमध्ये राहतात. कॉलेज हे आता उघडपणे सांगतं. जमीन मात्र कॉलेजकडेच आहे.

पाहुण्या कुटुंबांना आवार दाखवायला एक विद्यार्थिनी आली. उन्हाळ्यात वर्ग नसतात, पण बरीच मुलं प्राध्यापकांबरोबर संशोधनाच्या कामासाठी राहतात, त्यांतली ही एक. सगळ्यांकडे तोंड करून उलट्या पावलांनी चालत ती बोलत होती आणि एकदाही अडखळली नाही. तिचे विषय रसायनशास्त्र आणि अरबी. आमच्या चेहऱ्यावरचा प्रश्न तिला सवयीचा असावा. ती म्हणाली, की इथे येताना ती इतिहास शिकायला आली होती. पहिली दोन वर्षं मुलं हवे ते विषय घेऊन बघतात. मुख्य विषय त्यानंतर ठरतो. आमच्या घरात पंधराव्या वर्षी एकदा ठरलेली शाखा जन्मभर चिकटते. माझ्या वर्गातली एक मुलगी गणितात उत्तम आणि कविताही उत्तम वाचायची. तिला दोन्ही करता येईल असा कागदच आमच्या कार्यालयात नव्हता.

“एका वर्गात मुलं किती?” आईनं विचारलं. ईरानं प्रश्न पोचवला.

कॉलेज सगळं मिळून दोन हजारांच्या आसपास मुलांचं, ती म्हणाली, पण सर्वांत लहान वर्ग दोघांचा असतो. त्याला इथे ट्युटोरियल म्हणतात. एका आठवड्यात एकानं पाच-सात पानांचा निबंध लिहून आणायचा आणि मोठ्यानं मांडायचा, दुसऱ्यानं तो आधी वाचून त्यातलं कच्चं-पक्कं सांगायचं. पुढच्या आठवड्यात अदलाबदल. प्राध्यापक समोर बसून ऐकतात आणि गरज पडली तरच बोलतात.

“आणि वाचलंच नसेल तर?” ईरा.

“दोघांतली एक मीच असते. मागचा बाक नसतो तिथे.”

आईनं हे ऐकलं आणि ती माझ्याकडे वळली. तिच्या वर्गात साठ मुलं असायची, माझ्या वर्गात नव्वद. आम्ही दोघींनी मिळून हजारो मुलांना शिकवलं असेल. पण एका मुलाचं बोलणं तासभर, मध्ये न तोडता ऐकून घेतलंय असं मला आठवेना, आणि तिलाही आठवलं नसावं. एकोणिसाव्या शतकात मार्क हॉपकिन्स हे इथे 36 वर्षं अध्यक्ष होते. त्यांचे विद्यार्थी जेम्स गारफिल्ड पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. लाकडाच्या ओंडक्याच्या एका टोकाला हॉपकिन्स आणि दुसऱ्या टोकाला विद्यार्थी बसला की कॉलेज झालं, अशा अर्थाचं गारफिल्ड यांचं बोलणं इथे सगळ्यांना पाठ असतं.

हे सगळं फार महाग आहे, हे लिहायलाच हवं. राहण्या-जेवण्यासकट वर्षाचा खर्च 80 हजार डॉलरच्या पुढे जातो. 2022 मध्ये कॉलेजनं मुलांना मिळणाऱ्या आर्थिक मदतीतून कर्जाचा भाग काढून टाकला, आता ती सगळी मदत अनुदान म्हणून मिळते. कॉलेजची ठेव तीनशे कोटी डॉलरहून मोठी आहे, म्हणून हे परवडतं. ओंडका फुकट मिळतो, पण त्याच्या एका टोकाला माणूस बसवायला पैसा लागतो. आमच्याकडे तासिका तत्त्वावर, दोन-तीन कॉलेजांत धावत शिकवणारे तरुण आहेत. त्यांनी दोन मुलांसमोर तासभर निवांत बसावं असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? तरीही एक गोष्ट मी मनाशी घट्ट धरून आले. मुलानं लिहिलेलं दुसऱ्या मुलानं आधी वाचायचं आणि त्यावर नीट बोलायचं, याला पैसा लागत नाही. नव्वदांच्या वर्गातही पंचेचाळीस जोड्या होतात.

दुपारी हिरवळीवर बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. जाणारा-येणारा प्रत्येक जण हसून ‘हाय’ म्हणायचा. नगरला अनोळखी बाईकडे बघून कोणी हसलं तर तिनं पदर सावरून पुढे चालायचं, हे आईला लहानपणापासून शिकवलेलं. पहिल्या दोघा-तिघांना तिनं नुसतं पाहिलं. मग ती हात जोडू लागली, आणि एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हातातली कुत्र्याची साखळी बाकाला अडकवून तितक्याच अदबीनं परत हात जोडले. रस्ता ओलांडायला ती कडेला उभी राहिली की गाड्या लांबूनच थांबायच्या. तिला ते संकोचाचं वाटायचं, घाईनं ओलांडायची आणि पलीकडे पोचल्यावर वळून चालकाला नमस्कार करायची. स्प्रिंग स्ट्रीट ही इथली बाजारपेठ, एका दमात चालून संपणारी. तिथे आइस्क्रीमच्या रांगेत प्राध्यापक, मुलं आणि नळदुरुस्तीची गाडी घेऊन आलेला माणूस एकामागे एक उभे होते.

ग्रंथालयातल्या चॅपिन संग्रहात अमेरिकेच्या जन्माचे चारही दस्तऐवज मूळ छापील स्वरूपात आहेत: 1776 चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा, संघराज्याचा पहिला करारनामा, राज्यघटना आणि नागरिकांच्या हक्कांची सनद. काचेपलीकडचा तो जाहीरनाम्याचा कागद आईनं वाचला नाही, बघितला. लहानपणी ती आजोबांचा डबा घेऊन छापखान्यात जायची. केसमधून खिळे उचलून स्टिकमध्ये लावणारी त्यांची बोटं आणि गॅलीवर फिरणारा शाईचा रूळ हे तिच्या अगदी जवळचं. “बघ, खिळा कागदात रुतलाय,” ती ईराला म्हणाली. “हाताला लागला असता.” फोनवर वाढलेल्या मुलीनं काचेला नाक लावून तो रुतलेला ठसा शोधला.

तिथून मिशन पार्क चालत जाण्याच्या अंतरावर. मोठ्या झाडांनी वेढलेलं गवताळ मैदान, आणि त्यात संगमरवरी खांब, माथ्यावर पृथ्वीचा गोल. हे स्मारक 1867 मध्ये उभारलं. 1806 च्या ऑगस्टमध्ये या कॉलेजात शिकणारा सॅम्युएल मिल्स आणि त्याचे चार सोबती इथे शेतात प्रार्थनेला जमले होते. वादळी पाऊस आला म्हणून ते गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले. बोलणं आशियावर गेलं आणि तिकडे धर्मप्रसाराला जायचं, असं त्या पोरांनी ठरवलं. त्यांच्यातल्या एकानंही आशिया पाहिला नव्हता. त्या बोलण्यातून 1810 मध्ये अमेरिकन बोर्ड ही संस्था निघाली. याच कॉलेजचा 1808 चा पदवीधर गॉर्डन हॉल 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरला. ईस्ट इंडिया कंपनीला हे लोक नको होते, त्यांना परत पाठवायची खटपट झाली. पण हॉल राहिला, मराठी शिकला आणि 1826 मध्ये नाशिकजवळ फिरतीवर असताना कॉलऱ्यानं गेला. बेचाळिशीही पुरी झाली नव्हती.

या लोकांनी मुंबईत छापखाना घातला. तिथे 1817 पासून मराठी छापलं जाऊ लागलं. पुढे थॉमस ग्रॅहम यांनी तिथे सुबक देवनागरी खिळे पाडले. 1831 मध्ये पहिलं मराठी पंचांग छापणारे गणपत कृष्णाजी यांनी छपाई पाहिली ती याच छापखान्यात, आणि निर्णयसागरचे जावजी दादाजी लहानपणी तिथेच खिळे घासायच्या कामाला होते. म्हणजे आमच्या आजोबांच्या बोटांतली विद्या हात बदलत बदलत या मैदानापर्यंत मागे नेता येते. आईला हे ठाऊक होतं. तरी खांबावर कोरलेली पाच नावं तिनं ईराकडून एकेक वाचून घेतली.

ईरानं शेवटचं नाव वाचलं आणि विचारलं, “आजी, पण यांना तिकडे कोणी बोलावलं होतं का?”

“नाही. कोणी बोलावलं नव्हतं,” आई म्हणाली. “आपला धर्म खरा आणि तुमचा खोटा, असं मनात धरून ते आले. ते मला मान्य नाही, तेव्हाही आपल्या लोकांना मान्य नव्हतं. घरंच्या घरं दुभंगली. पण नगरला मुलींना पाटीवर हात धरून शिकवायला त्यांची मिस फरार बसली, आपलं कोणी बसलं नव्हतं. हे दोन्ही लक्षात ठेव.”

सिंथिया फरार 1827 मध्ये मुंबईत आल्या, 1839 पासून नगरला राहिल्या आणि 1862 मध्ये तिथेच वारल्या. त्यांची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी नगरला येऊन पाहिली, आणि 1848 मध्ये पुण्यात आपली शाळा काढली. सावित्रीबाई अध्यापनाचे धडे घ्यायला फरारबाईंकडे गेल्या. दुभंगलेल्या घरांचं दुःख काय असतं ते लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे, आणि त्यांचे पती रेव्हरंड टिळक ज्या ‘ज्ञानोदय’ नियतकालिकाचे पुढे संपादक झाले ते 1842 मध्ये नगरलाच, याच मिशननं सुरू केलं होतं. मला आईचं उत्तर पटतं. मिशनऱ्यांचं ऋण मोजताना त्यांचा अहंकार झाकायचा नाही, आणि अहंकार दाखवताना ती पहिली पाटी पुसायची नाही. जोतीरावांनी तेच केलं: शाळा घेतली, धर्म घेतला नाही.

संध्याकाळी क्लार्क संग्रहालयामागच्या स्टोन हिलवर चढलो. उतारावर गाई चरत होत्या आणि चित्रं बघून आलेली माणसं त्यांच्यामधून वाट काढत फिरत होती. आतमध्ये रेन्वारची तीसहून जास्त चित्रं आहेत. हा सगळा खजिना उभा राहिला तो सिंगर शिलाई मशीनच्या पैशावर. स्टर्लिंग क्लार्क यांचे आजोबा सिंगरचे भागीदार होते. आमच्या घरच्या सिंगरवर आईनं आम्हा बहिणींचे परकर-पोलके शिवले, त्यामुळे क्लार्क कुटुंब तिला परकं वाटलं नाही.

मुक्काम एका निवृत्त ग्रंथपाल बाईंच्या घरी होता. इकडे मका उकडून लोणी लावून खातात, दाणा दुधाळ आणि साखरेसारखा गोड. आईनं त्यांची परवानगी घेऊन दोन कणसं गॅसवर भाजली, लिंबाची फोड तिखट-मिठात बुडवून त्यांच्यावर फिरवली आणि एक बाईंच्या हातात दिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांनी कणीस सोडलं नाही, संपवलं. मग त्यांनी आईला विचारलं, की तुम्ही किती वर्षं शिकवलंत, आणि तुमच्या मुलांपैकी किती जण आठवतात. आई बोलू लागली. मी आणि ईरा आळीपाळीनं इंग्रजी करत होतो. आईच्या साठ-साठांच्या वर्गांतली मुलं, आडनावांसकट, भावंडांसकट, त्या स्वयंपाकघरात येत राहिली. मुलं तिला आठवत नसतील असं मी दुपारी धरून चालले होते, ते खरं नव्हतं. ऐकायला तिला वेळ मिळाला नव्हता, एवढंच.

ईरानं विल्यम्सचं नाव यादीत ठेवलं. तिला प्रवेश मिळेल न मिळेल, तो तिच्या वाट्याचा भाग.

आता मुलांकडे अमेरिकेला जाणारे आईवडील आपल्याकडे घरोघरी आहेत. त्यांना नायगारा दाखवतात, न्यूयॉर्क दाखवतात, देवळात नेतात. बोस्टनकडे तुमचं कोणी असेल तर त्यांना म्हणा, तीन तासांवर एक कॉलेज आहे, तिथे न्या. जाहीरनाम्याचा कागद पाहायला तिकीट लागत नाही, आणि मिशन पार्क दिवसभर उघडं असतं.